बोरगावात बोरगावकर कोणी नाही

आप्पा, तुम्हाला माझं खरं आडनाव माहीत होतं, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. कळलं त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलतोय, पण एकही वाक्य शेवटापर्यंत जात नाही. समोर असताना तरी कुठं जात होतं म्हणा. तुम्हीच म्हणायचा, "ह्या पोराचं इंजिन चांगलं हाय, पण कायम क्लच दाबून बसलेलं असतंय." म्हणून लिहून बघतो. लिहिताना थांबलं तरी कुणाला दिसत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझी परीक्षा चालू होती. अभ्यासाचं निमित्त सांगून मी बरेच रविवार बेळगावच्या कॅम्पात फिरकलो नव्हतो. शेवटचा पेपर झाल्यावर पेद्रू अंकलच्या बेकरीत गेलो. त्यांनी पाव कागदात बांधता बांधता सांगितलं, "सुभेदार गेला रे. झोपेत गेला. तुझ्या हॉस्टेलवर माणूस पाठवला होता, तर तिथं म्हणाले, बोरगावकर नावाचा मुलगाच इथं नाही. तू हॉस्टेल बदललंस काय?"

मी म्हणालो, "हो, बदललं."

तुम्ही गेलात हे ऐकल्यावर माझ्या तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य हे आहे, आप्पा.

आपली पहिली भेट तुम्ही लोकांना फार रंगवून सांगायचा. मला ती तशी रंगवता येणार नाही. मी नुकताच बेळगावला कॉलेजात आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वर्गात काय बोलावं, मेसमध्ये कुणाच्या शेजारी बसावं, काही कळायचं नाही, म्हणून रविवारी सकाळी एकटाच कॅम्पात भटकायचो. चर्चसमोरच्या रस्त्यावर गोव्याच्या गाड्या लागायच्या. पोर्तुगिजांच्या वेळी बोटीनं गोव्यात उतरलेल्या त्या गाड्या, ओपेल, सिम्का, बोर्गवर्ड, आपल्याकडं कुठंच दिसायच्या नाहीत. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, म्हणून त्या घाट चढून यायच्या. मी निपाणीच्या बाजूचा, हायवेच्या धुळीत वाढलेला. आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, बाजारला चालत जाताना येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नाकावरची इंग्रजी अक्षरं मी शाळेआधी शिकलो होतो. पण ही नावं मी कधी वाचली नव्हती.

एका दुधाळ रंगाच्या ओपेलसमोर मी उभा होतो. तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत, काळी टोपी सारखी केलीत आणि माझ्याजवळ येऊन विचारलंत, "काय, माहेर कुठलं?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा. शब्द वेगळे असतात, रस्ता एकच. आधी गाव, मग गल्ली, मग आडनाव, आणि आडनावानंतर विचारणाऱ्याचा चेहरा. पुरुषमाणसाला माहेर विचारतायत म्हणजे थट्टेनं विचारतायत, एवढंच मला त्यात नवीन वाटलं. मी म्हणालो, "बोरगाव." तुम्ही अजून माझ्याकडंच बघत होता. पुढचा प्रश्न यायच्या आत आपणच उत्तर द्यावं म्हणून घाईनं म्हणालो, "बोरगावकर. सुरेश बोरगावकर."

तुम्ही टोपी काढून हसलात. "अरं लेका, तुझं कोन इचारतंय? हिचं इचारतोय. हिच्या पोटातलं इंजिन कुठल्या घरचं?"

मग तुम्ही मला तुमचा खेळ समजावून सांगितलात. ह्या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत. इंजिन गेलं की ते उतरवून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं बसवतात, अॅम्बॅसडरचं, फियाटचं, नाहीतर एखादं डिझेल. तर असं दुसरीकडून आलेलं इंजिन म्हणजे त्या घरात आलेली सून, आणि ते मूळचं ज्या गाडीचं, ते तिचं माहेर. गाडी रस्त्यावरून येताना आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा, बॉनेट कुठं उचलून घेतलंय, कुठं वेल्डिंग केलंय ते बघायचं आणि माहेर ओळखायचं. मास संपला की मालक येतो. त्याला नमस्कार करून विचारायचं. त्याला वाटलं तर तो बॉनेट उघडून दाखवतो. नाही वाटलं तर गप्प बसायचं. दुसऱ्याच्या बॉनेटला आपण हात लावायचा नाही.

त्या ओपेलचं माहेर तुम्ही फियाट सांगितलंत, पेद्रू अंकलनी अॅम्बॅसडर. मालक आले आणि बॉनेट उघडलं तर आत ओपेलचंच होतं. बँकेतले हिरेमठ त्यांच्या कानडी वळणानं लगेच म्हणाले, "काय री सुभेदार, मुलगी घरातलीच निघाली की."

माझं चुकीचं उत्तर मी त्याच वेळी दुरुस्त करू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं, आणि तुम्ही त्यावरही हसला असता. पण पुढच्या रविवारी तुम्ही रस्त्याच्या पलीकडून हाक मारलीत, "ए बोरगावकर, हिकडं ये, ही बघ काय आलीय." भर रस्त्यात कुणी मला आडनावानं हाक मारली आणि आजूबाजूच्या एकाही माणसानं वळून बघितलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी धावतच आलो.

कॉलेजच्या हजेरीत मी सुरेश कांबळे होतो, हॉस्टेलच्या यादीत कांबळे, स्कॉलरशिपच्या कागदावर कांबळे. रविवारी सकाळी तेवढा बोरगावकर. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो. आबा रोज त्या दोघांपुढं उभे राहून मग वखारीत तंबाखूच्या कामाला जातात. "मान खाली घालून चालायचं न्हाय" हे त्यांनी मला जेवढ्या वेळा सांगितलं असेल, तेवढ्या वेळा दुसरं काही सांगितलं नसेल. त्या घरातून येऊन मी हे केलं.

तुमचा एक शब्द मला बोचायचा. आज तुम्ही नाही म्हणून सांगतोय असं वाटून घेऊ नका. असता तर धीर झालाच नसता. तुम्ही म्हणायचा, "बॉडी काय, पत्रा हाय. कुनीबी ठोकतंय, रंगवतंय. गाडीची जात इंजिनात असती." तुमच्या तोंडी तो शब्द मायेचा होता. चांगलं इंजिन ऐकलं की तुम्ही "काय जात हाय बघ" म्हणायचा आणि डोळे मिटायचा. माझे मात्र कान तापायचे. मग मी उलट वाद घालायचो.

"गाडीचं जे नाव नाकावर आहे तेच तिचं नाव, आप्पा. आत काय आहे त्याच्याशी लोकांना काय करायचंय?"

"नाकावर काय बी लिवता येतंय की रं."

"मग लिहू दे. चालते ना गाडी?"

"चालती रं. पन घाटात लबाडी उघडी पडती."

हिरेमठ मध्ये पडायचे. "दोघांचं बी बरोबर आहे री. आता चहा कोण सांगतंय ते बोला." चहा झाला की तुम्ही मला घरी चल म्हणायचा आणि मी उशीर होतोय म्हणायचो. दर वेळी. तो वाद तसाच राहिला. तुम्ही गाडीबद्दल बोलत होता आणि मी माझ्याबद्दल, हे फक्त मला कळतंय असं मी समजत होतो.

त्या H च्या गाडीचा विषय मीच काढला होता, तो मोठं व्हायच्या हौसेपायी. तुम्हा तिघांकडं सांगायला खूप होतं. लष्करात तुम्ही किती तऱ्हेची वाहनं हाताळलेली, पेद्रू अंकलचे अर्धे नातेवाईक गोव्यात, हिरेमठांचे मामा हुबळीला टॅक्सीवाले. माझ्याकडं एकच गाडी होती. आमच्या गावातल्या एका बड्या बागायतदाराच्या गोठ्यात उभी असलेली काळी, लांब नाकाची गाडी. कुणा जहागीरदाराच्या घरून आलेली. नाकावरच्या अक्षरांपैकी पहिलं H तेवढं शिल्लक राहिलेलं, बाकीची पडून गेलेली.

त्या एका अक्षरावर आपण किती रविवार घालवले. पेद्रू अंकल म्हणायचे, "हिल्मन. शेतकऱ्याकडं दुसरं काय येणार?" हिरेमठ हडसनवर अडून बसायचे. मी म्हणायचो हंबर, कारण नाक लांब होतं. तुम्ही नावाच्या भानगडीत पडला नाहीत. म्हणालात, "आवाज काढून दाखीव."

मी इकडंतिकडं बघितलं आणि घशातून तो आवाज काढला. आधी खोकल्यासारखं, मग घुर्र, मध्येच टक्-टक्.

"परत."

परत काढला. चर्चमधून बाहेर पडणारी एक बाई थबकून बघायला लागली. पेद्रू अंकल तिला म्हणाले, "घाबरू नको बाय, गाडी चालू होत नाही त्याची." तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणालात, "हा आवाज त्या बॉडीचा न्हवं. दुसऱ्या घरची सून हाय ही. पन माहेर कळंना. आत काय हाय रं?"

"मालक उघडत नाही," मी म्हणालो.

हिरेमठांना नवल वाटलं. "तुझ्याच गावची गाडी, आणि आत बघितलंच नाहीस?"

खरं असं होतं, आप्पा, की मी त्या फाटकाच्या आत कधी गेलोच नव्हतो. आमच्या गल्लीतली मोठी माणसं कामाला म्हणून आत जायची, पोरांना हाकलायचे. ते H मी दगडी गडग्यावर पोट टेकून बाहेरून बघितलं होतं. आवाजही गल्लीतूनच ऐकलेला, दसऱ्याला पूजेनंतर ते गाडी चालू करायचे तेव्हा. माझी सगळी माहिती गडग्यापलीकडची. हे सांगितलं असतं तर गडगा का, हे सांगावं लागलं असतं.

तुम्ही मागंच लागलात. "चल, एका रविवारी बोरगावला जाऊन येऊ." मी म्हणालो, मालक कोल्हापूरला गेलेत. मग म्हणालो, ऊसतोड चालू आहे, कुणी भेटणार नाही. मग आजी आजारी आहे म्हणालो. आजी मी तिसरीत असतानाच गेली होती. तुम्ही दर वेळी "बरं" म्हणायचा आणि महिन्याभरानं पुन्हा विचारायचा. शेवटी ऐन पावसाळ्यातल्या एका रविवारी, आपण बेकरीच्या पत्र्याखाली उभे असताना, मी सांगून टाकलं की ती गाडी भंगारात विकली.

पेद्रू अंकल हळहळले. "गेली बिचारी. आता हिल्मन का नव्हती ते कोण सांगणार?"

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलात. खूप वेळ पुसत होता. "कवा विकली?"

"मागच्या महिन्यात."

"असूं दे," तुम्ही म्हणालात. "चहा घ्या रं सगळी."

मला वाटलं, गाडी गेली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. मला सुटल्यासारखं झालं होतं. त्यानंतर तुम्ही बोरगावचं नाव काढलं नाहीत.

बेकरीतून निघालो तो हॉस्टेलवर न जाता मी तसाच गावी गेलो. आई अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, आबा खाटल्यावर बसले होते. मी आबांना म्हणालो, "बेळगावात एक ओळखीचे सुभेदार होते. वारले."

आबांनी विचारलं, "काळ्या टोपीचे? धोतर नेसणारे?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आपल्याकडं आलते की ते. गेल्या सालच्या पाडव्याच्या मागं-पुढं."

आबा सावकाश सांगत गेले. त्यांना वाटत होतं मला गेलेल्या माणसाचं दुःख आहे, म्हणून ते आठवून आठवून सांगत होते.

"यष्टीतनं उतरले आन् स्टँडवर इचाराय लागले, बोरगावकरांचं घर कुठं म्हणून. पोरं हसाय लागली. बोरगावात बोरगावकर कोन असतंय? सगळा गावच बोरगावकर. मग म्हणाले, पोरगं बेळगावला कॉलेजात हाय, गाड्यांचं लई येड हाय त्याला. तवा त्यातला शिवा म्हणाला, त्यो कांबळ्यांचा सुऱ्या असंल. आन् आनून सोडलं आपल्या दारात."

"मग?"

"मग काय. दारात हुबं ऱ्हाऊन मला म्हणाले, बोरगावकर तुम्हीच काय? शिवा मागं दात काढत हुबा. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. म्हणालो, व्हय, मीच बोरगावकर. या, बसा."

मी विचारलं, "असं का सांगितलंत, आबा?"

"तर काय सांगू?" आबा म्हणाले. "तू सांगितलंयस म्हंजे कायतर इचार करूनच सांगितलं असशील. माझ्यामुळं तुझं तिथलं काय बिघडाय नको."

आईनं सुपातून मान वर केली नाही. तिचे हात चालूच होते.

आप्पा, शिवानं स्टँडवर कांबळे म्हटलेलं तुम्ही ऐकलं होतं. आमच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवरचे दोन फोटो तुम्ही बघितलेच असणार. तरीही माझ्या बापाला तुम्ही बोरगावकर म्हणालात, आणि त्यांनीही ओ दिली. दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून माझं खोटं सांभाळत चहा पीत होती, आणि मी तेव्हा बेळगावात वर्गात बसलो होतो.

पुढचं आबांनी सांगितलं ते असं. त्यांनी तुम्हाला त्या बागायतदाराच्या फाटकापर्यंत नेलं आणि स्वतः बाहेर थांबले. तुम्ही आत गेलात ते बऱ्याच वेळानं आलात, आणि आलात ते कोपरापर्यंत काळे होऊन. "लई खूश हुते," आबा म्हणाले. "मला म्हणाले, बोरगावकर, पोराचा कान खरा हाय. जसा आवाज काढला हुता तस्साच हाय. आन् मला नाव बी सांगितलं. गाडीचं सांगितलं, आतल्या इंजिनाचं बी सांगितलं."

"काय सांगितलं?"

आबांनी कपाळ चोळलं. "इंग्रजी हुतं रं. घरापतोर घोकत आलो. तुझ्या आईला बी सांगितलं. आता न्हाय आठवत."

आई पहिल्यांदा बोलली. "ह-वरनं हुतं कायतर."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यानं आबा घाबरले.

"जाताना म्हणाले," आबांनी सांगितलं, "मी आलतो म्हणून पोराला सांगू नका. म्हणून मी बोललो न्हाय."

पाडवा म्हणजे पावसाळ्याच्या आधी. बेकरीच्या पत्र्याखाली मी ती गाडी भंगारात विकली तेव्हा तुम्ही तिला बघून, हाताळून आला होता. ती कुठं उभी आहे, कुणाच्या गोठ्यात, हे तुम्हाला ठाऊक होतं. फाटकाबाहेर माझा बाप थांबला होता, तेही तुम्ही बघितलं होतं. आणि मी तुमच्याकडं बघून सांगत होतो की मागच्या महिन्यात विकली. तुम्ही चष्मा पुसत होता. मी आता तो चष्मा पुसणारा हात पुन्हा पुन्हा आठवतो.

पुढं वर्षभर पेद्रू अंकल ती हिल्मनच होती म्हणून मिरवत राहिले. कुणी एखाद्या गाडीची चाकाची टोपी दुसऱ्याच गाडीची म्हटली तरी तुम्हाला सहन व्हायचं नाही, रस्ता ओलांडून त्याला सांगायला जायचा. तुम्ही उभ्या आयुष्यात बघितलेली बहुतेक सगळ्यात जुनी गाडी, तिच्या पोटात कुठलं तरी भलतंच इंजिन, ते तुम्ही ओळखलेलं, आणि हे तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर बोरगावला गेलो होतो हे सांगावं लागलं असतं. तुमच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे आपल्या कट्ट्यावरच्या माणसांनाच कळेल.

त्यानंतर तुम्ही गाडीची जात म्हणणं सोडलं होतं का? मी फार आठवून बघितलं. कधी वाटतं, सोडलं होतं. कधी वाटतं, मला तसं हवं आहे म्हणून वाटतंय. ऐकायला मी कान द्यायचो ते फक्त स्वतःला कुठं लागतंय ते बघायला. लागेनासं झालं, ते माझ्या लक्षातही आलं नसेल.

तुमच्यापुढं वाटते ती लाज एक. पण आबा दर महिन्याला भाकरी आणि चटणी घेऊन हॉस्टेलवर यायचे, कॉटवर बसायचे, वर्गात कितवा नंबर आला विचारायचे. आपल्या पोरानं आपलं नाव टाकलंय हे ठाऊक असलेला माणूस एवढे महिने माझ्यासमोर बसून गेला, आणि मी त्यांना "लवकर निघा, एसटी चुकेल" म्हणत होतो. कुणी बघू नये म्हणून. त्या दिवशी रात्री मला त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवता येईना.

ते H काय आहे, हे मी आता जाऊन बघू शकतो. आबा म्हणाले, "जा की, आता कोन आडवतंय तुला." मी फाटकाच्या रस्त्यानं गेलोसुद्धा, पण वळून आलो. तुमच्याबरोबर जायचं होतं तिथं.

आबाच म्हणाले, "भेटाय जायाला पायजे. मानूस आपल्या घरला आल्तं." मी म्हणालो, मी एकटा जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बघितलं तर ते धुतलेला पांढरा सदरा घालून तयार बसले होते.

निपाणीहून बेळगावपर्यंत आम्ही शेजारी बसून आलो. खिडकीतून आबा नेहमीसारखे गाड्या बघत होते. मी नाव सांगायची तालीम करत होतो. स्वतःचं नाव, आप्पा. कॅम्पात उतरल्यावर तुमची गल्ली मी लगेच ओळखली. वळणापर्यंत मी कितीदा आलो होतो, पुढं कधी गेलो नव्हतो. दार तुमच्या मंडळींनीच, काकूंनीच उघडलं. त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

"कोन पायजे?"

मी तोंड उघडायच्या आत आबा एक पाऊल पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "आमी बोरगावकर. भेटाय आलोय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पोरासाठी पिशवी उचलावी तसं त्यांनी ते नाव उचललं होतं.

"कांबळे," मी म्हणालो.

काकूंनी कानामागं हात धरला. "कोन?"

"सुरेश कांबळे."

"मोठ्यानं बोल बाबा. मला ह्या कानानं येत न्हाय."

शेजारी एक बाई कपडे वाळत घालत होती. समोर एकजण स्कूटर पुसत होता. मी ओरडलोच असेन, कारण माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कांबळे, काकू. बोरगावचे. हे माझे वडील. आप्पा ज्याला बोरगावकर म्हणायचे तो मी, पण माझं नाव कांबळे आहे."

स्कूटर पुसणारा हात थांबला. काकू माझ्याकडं बघत होत्या. हे नाव ऐकल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे, म्हणून मी वर बघितलंच नाही. त्यांच्या पायांकडं बघत राहिलो.

"तूच व्हय त्यो," काकू म्हणाल्या. "दुपार टळूस्तर ह्यांना न उचलता ठेवलं हुतं बघ. बोरगावकर येईल, बोरगावकर येईल म्हणून. पेद्रू सारखा रस्त्यावर जाऊन बघत हुता."

मला हे माहीत नव्हतं, आप्पा. कुणीच सांगितलं नव्हतं. पेद्रू अंकलनीसुद्धा पाव बांधताना हे सांगितलं नाही. त्यांना आणि हिरेमठांना मी अजून तोंडानं काही बोललेलो नाही. हे लिहिलेलं मी छापायला पाठवतोय, छापून आलं तर ते त्यातच वाचतील. त्या पुढच्या रविवारी मी चर्चसमोर जाऊन उभा राहणार आहे. ते हाक मारतील, न मारतील, आणि मारली तर कुठल्या नावानं, ते त्यांनी ठरवायचं.

दारात मी काहीतरी म्हणालो, माफी मागितल्यासारखं. ते काकूंना ऐकू गेलं नाही, आणि ते पुन्हा मोठ्यानं म्हणायचा धीर मला झाला नाही.

"आता आलायसा तर आत या," त्या म्हणाल्या. "दारात का हुबं?"

आबांनी चपला काढल्या, भिंतीला नीट लावल्या आणि ते आत गेले. मी बाहेरच होतो. थोड्या वेळानं आतून काकूंचा आवाज आला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठा, सगळ्या गल्लीत जाईल असा.

"कांबळे, साखर चालती न्हवं तुम्हाला?"

"चालती की," आबा म्हणाले. तेही तेवढ्याच मोठ्यानं.

मी चपला काढायला वाकलो, आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.